मेंढी केव्हा पडली?

आप्पांच्या शोकसभेत एका वक्त्याने सांगितलं की डॉ. जयसिंग ढमढेरे यांनी मराठी वाचकाला ताऱ्यांची सफर घडवली. मी पहिल्या रांगेत होते. आप्पांच्या तीन कादंबऱ्यांत मिळून कुणीही जमिनीच्या वर गेलेलं नाही. गेले ते खाली, फार तर चाळीस फूट, आणि तेही माणूस नव्हे, टेप. उठून तसं सांगावंसं वाटलं होतं. पण शोकसभेत मुलीने दुरुस्त्या सुचवायच्या नसतात. रुमाल धरून बसायचं असतं. मी बसले.

माझे वडील एकतीस वर्षं सरकारी नोकरीत विहिरींच्या पाण्याची पातळी मोजत होते. निवृत्त झाल्यावर शिरूरला परत आले आणि कादंबऱ्या लिहू लागले. प्रकाशक मुखपृष्ठावर 'विज्ञान कादंबरी' असं छापत आणि मग वाचक चिडत. एकाने तर घरी येऊन विचारलं होतं, "साहेब, शेवटपर्यंत वाचली. पण यान कुठंय?"

"जीप आहे की," आप्पा म्हणाले. "पान छप्पन्न."

"ती तर बंद पडते."

"मग? सरकारी आहे."

त्यांच्या कादंबरीतली माणसं आकडे घेतात, ते जुळत नाहीत, मग पुन्हा घेतात. मधे कुणाचं लग्न होतं, कुणाची बदली होते, कुणी साहेबाला खूश करायला एखादा आकडा गोल करतो आणि तीनशे पानं त्याची शिक्षा भोगतो. मी शिरूरच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझ्या आधीच्या माणसाने आप्पांची पहिली कादंबरी भूशास्त्राच्या कपाटात लावली होती. मी ती कादंबऱ्यांत आणली. आप्पा एकदा लायब्ररीत आले आणि मला न सांगता तिला पुन्हा भूशास्त्रात ठेवून गेले.

त्यांचा नियम होता, माणूस बनवावा, आकडा बनवू नये. कादंबरीतला नायक काल्पनिक असला तरी त्याच्या विहिरीची खोली खरी हवी. दुसऱ्या कादंबरीच्या वेळी, चौऱ्याहत्तर साली दौंडहून सुटणारी सकाळची पॅसेंजर किती वाजता होती, एवढ्यासाठी त्यांनी मला रेल्वेच्या तीन निवृत्त माणसांकडे पाठवलं. तिघांनी तीन वेळा सांगितल्या. शेवटी त्यांनी 'सकाळची गाडी' असं लिहिलं. माझे दोन रविवार गेले होते.

लहानपणी मी गणित चुकले की रबर वापरू देत नसत. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, बाजूला सही आणि तारीख. नोंदवहीची शिस्त, म्हणत. दुसरीतल्या मुलीच्या वहीत सह्या बघून आमच्या बाई चक्रावल्या होत्या.

ते जानेवारीत गेले, एकोणीस तारखेला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, एका शुक्रवारी, त्यांच्या प्रकाशकांचा लायब्ररीत फोन आला. मारुतराव गायधनी पुण्याचे, आप्पांचे जुने स्नेही, माणूस वाईट नाही. आप्पांची चौथी कादंबरी, 'विहीर क्रमांक नऊ', त्यांच्याकडे मीच पोचवली होती.

"सविताताई, सगळं अक्षरजुळणी होऊन तयार आहे. मंगळवारी छपाईला द्यायचं. फक्त दोन गोष्टी. पान एकशे बारावर पाण्याच्या पातळ्यांचा तक्ता आहे, तो काढू या का? कादंबरीत तक्ता कोण वाचतो?"

"आणि दुसरी?"

"शेवटची दोन पानं. ती मेंढी कुठून आली हो?"

मेंढीचं मला माहीत होतं. हस्तलिखित देताना मी ती दोन पानं वाचली होती आणि प्रकाशकांना खटकणार नाहीत अशी आशा करत गप्प बसले होते.

कादंबरी अशी आहे. विश्वजीत नावाचा तरुण शास्त्रज्ञ दौंड तालुक्यातल्या एका गावी येतो. तिथे नवा पाझर तलाव झालाय. त्याचा फायदा होतो का हे बघायला तो खालच्या अंगाच्या बारा विहिरी निवडतो. प्रत्येक विहिरीवर गावातला एक माणूस दर सोमवारी टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजतो. एक्क्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, एका आठवड्यात अकरा विहिरींचं पाणी चार-पाच सेंटिमीटरने वर येतं आणि नऊ नंबरच्या विहिरीचं एक्केचाळीस सेंटिमीटरने खाली जातं. विश्वजीत दोन वर्षं त्या एक्केचाळीस सेंटिमीटरच्या मागे लागतो. जवळच्या खाणीतल्या सुरुंगांनी खडकात भेग उघडली आणि पाणी तिकडे निघून गेलं, असा निष्कर्ष काढतो. निबंध छापून येतो. बाविसाव्या प्रकरणात त्याचा सत्कार होतो.

हे सगळं आप्पांच्या बाबतीत घडलेलं आहे. निबंध खरा आहे. सत्कारात मिळालेलं पितळी मानचिन्ह आमच्या शोकेसमध्ये आहे. आई दर दिवाळीला ते चिंच लावून घासायची, आई गेल्यावर मी घासते. बाकी त्यांच्या नावावर साध्यासुध्या मोजण्या होत्या, अहवाल होते. शोध म्हणावा असा हा एकच.

आणि मग तेविसावं प्रकरण, दोन पानांचं. म्हातारा झालेला विश्वजीत पुन्हा त्या विहिरीवर जातो. शेवट असा आहे:

"कठड्याचे खालचे थर घडीव काळ्या दगडाचे, चुन्यातले. वरचे सिमेंटात. विश्वजीतने वरच्या थरांना वीत लावली. दोन विती. विहिरीचा मालक चहा घेऊन आला.

'कठडा वाढवलात?'

'मेंढी पडली तवा.'

'मेंढी केव्हा पडली?'

म्हातारा म्हणाला,"

पुढे काही नाही. स्वल्पविराम आणि त्याखाली कोरा कागद. कोपऱ्यात आप्पांच्या सवयीप्रमाणे तारीख, १२ नोव्हेंबर २००२.

मी मारुतरावांना समजावून सांगितलं. पाण्याची खोली कठड्याच्या वरच्या काठापासून मोजतात. कठडा वाढवला तर पाणी आहे तिथेच राहतं, पण टेप तेवढा जास्त सोडावा लागतो. वहीत पाणी खाली गेलेलं दिसतं.

"म्हणजे कादंबरीभर जो शोध आहे... तो कठडा?"

"कठडा त्याच आठवड्यात वाढवला असेल तर. आधी वाढवला असेल तर शोध शोधच आहे."

"मग कधी वाढवला?"

"तेच त्यांनी विचारलंय."

"अहो, पण उत्तर?"

"नाही लिहिलेलं."

मारुतरावांनी उसासा टाकला. "ऐका माझं. बाविसाव्या प्रकरणाला थांबू. सत्कार, टाळ्या, छान शेवट आहे. जयसिंगरावांचं नाव राहील. ही पानं म्हणजे आजारपणातलं काहीतरी, असं समजा. नाहीतर तुम्ही एक ओळ घाला, मेंढी फार पूर्वी पडली होती म्हणून. आणि मेंढीच हवी का? बैल पडला तर जरा वजन येईल."

"सोमवारी कळवते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

राग मारुतरावांचा आला नव्हता. आप्पांचा आला होता. बारा नोव्हेंबरला हा प्रश्न लिहून ठेवला आणि एकोणीस जानेवारीला गेले. मधे नऊ आठवडे. शिरूरहून चौफुल्याला, त्या विहिरीच्या गावाजवळ, दिवसभर एस.टी. आहेत. जो माणूस एका पॅसेंजरच्या वेळेसाठी मला तीन घरं फिरवतो, त्याला आयुष्यातल्या एकुलत्या एका शोधासाठी अडीच तास बसमध्ये बसता आलं नाही? हिंडतफिरत होते, आजारपण शेवटचे चार दिवस होतं. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. स्वल्पविराम ठेवून गेले.

मला तो शोध हवा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. मेंढी एक्क्याण्णवच्या आधी पडलेली असावी, एवढंच मला हवं होतं. मग मी ती ओळ हसत लिहिली असती.

आप्पांच्या कपाटात नोंदवह्या होत्या. जानेवारी १९९१ ते डिसेंबर १९९४. नऊ नंबरच्या विहिरीसमोर लिहिलं होतं: खुटबाव, मालक व मोजणीदार ज्ञानू, मुलगा संपत, आणि मुलाच्या पुढे नंतर पेन्सिलीने, 'हल्ली कारेगाव, कंपनीत'. मोजणी सुरू झाली एक्क्याण्णवच्या जानेवारीत. मेंढी त्याआधी पडली असेल, तर सगळं जागच्या जागी होतं.

कारेगाव शिरूरपासून जवळ, म्हणून शनिवारी आधी तिकडे गेले. संपत पहिल्या पाळीवरून नुकताच आला होता. पत्र्याच्या खोल्यांची लांब रांग, प्रत्येक दारापुढे कंपनीचे बूट. शेजारच्या दाराशी दोन बिहारी पोरं कांदा चिरत होती. संपतने खुर्ची पुसली. त्याची बायको रुपाली चहा टाकायला आत गेली, पण कान बाहेर ठेवून.

"ढमढेरे साहेबांच्या तुम्ही? लई वाईट झालं. साहेब मला लिमलेटच्या गोळ्या आणायचे," संपत म्हणाला. "मेंढी ना? पडली की. गाभण हुती. आबांनी सोता दोर लावून वर काढली. मग आबा म्हणले, कठडा बुटका हाय, वाढवायचा."

"कधी ते आठवतं?"

"आठवतं म्हंजी! पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाचा दिवस. मी शाळेतनं आलो, पांढरा शर्ट, आन् गवंड्यानं सिमेंट कालवलेलं. त्यात बसलो मी. आईनं असला हाणला म्हणता."

"कुठल्या वर्षी?"

"चौथीत हुतो."

मी वहीत लिहायला घेतलं. आतून आवाज आला, "चौथीत दोन वर्षं हुता तुम्ही."

संपतने दाराकडे बघितलं. "तुला कुणी इचारलं का?"

"ताई लिहून घ्यायल्यात. खरं सांगावं."

"गणितात गेलो हुतो एकदा," संपत मला म्हणाला. "एक्क्याण्णव साली. पहिली चौथी का दुसरी चौथी, ते मात्र सांगता यायचं न्हाई बघा. दोन्हीकडं बाई तीच, वर्ग तोच."

पंधरा ऑगस्ट एकोणीसशे नव्वद, किंवा एक्क्याण्णव. मी बोटांवर मोजायला लागले. रुपालीने चहा आणला आणि म्हणाली की मोजू नका ताई, ह्यांच्या आईला इचारा, त्यांना सगळ्यांच्या चुका तारखेवार पाठ आहेत.

रविवारी सकाळी न्हावऱ्यावरून चौफुल्याची एस.टी. धरली. बॅगेत आप्पांचा पोलादी टेप होता आणि फिल्मच्या डबीत ठेवलेला खडूचा तुकडा. टेपच्या टोकाला खडू फासून तो पाण्यात सोडायचा, जिथपर्यंत खडू ओला तिथपर्यंत पाणी. डबी उघडल्यावर त्यांच्या टेबलाचा वास आला. मी ती लगेच बंद केली. पारगावच्या पुलावर बस अर्धा तास थांबली, उसाचा ट्रॅक्टर आडवा झाला होता. ड्रायव्हर, कंडक्टर आणि निम्मे प्रवासी उतरून सल्ले देत होते. मीही उतरले आणि उभ्या उभ्या एकच सरळ हिशेब पुन्हा पुन्हा केला. पहिली चौथी असेल तर आप्पा बरोबर. दुसरी असेल तर नाही.

खुटबावात ज्ञानूचं घर सापडायला वेळ लागला नाही. सिमेंटचं दोन खोल्यांचं घर, मागे ऊस, बाजूला निंबाखाली तीन मेंढ्या बांधलेल्या. ज्ञानूमामा सत्तरीला टेकलेले, पण ताठ. मी नाव सांगितल्यावर त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "साहेबांची पोरगी." त्यांच्या बायकोने, सगुणाबाईंनी, पाणी आणलं आणि माझ्याजवळ खालीच बसल्या.

"मामा, एकच विचारायला आलेय. विहिरीत मेंढी पडली होती, ती केव्हा?"

ज्ञानूमामांनी सगुणाबाईंकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. मेंढ्यांकडे बघत म्हणाले, "ती व्हय. ती साहेब यायच्या लई आधी पडली. साहेब आले तवा कठडा हाय तसाच हुता."

मी श्वास सोडला. वहीत लिहिलंही, 'मोजणीआधी'. आता एवढं घेऊन निघून गेले असते तर काही बिघडलं नसतं. पण सगुणाबाईंनी हातातला तांब्या जमिनीवर आपटला.

"अवं, काय बोलताय! साहेब यायच्या आधी? मग माझ्या नव्या लुगड्यावर तांबडा रंग कुणी सांडला?"

"तू गप."

"का गप? धा-बारा वर्सं झाली, डाग गेला न्हाई. ताई, हे रंगाचा डबा घिऊन बसले व्हते कठड्यावर. खूण काढायला. साहेबांची खूण खाली गेली म्हणून वर नवी काढायची व्हती ह्यास्नी. साहेब आधी न्हवते तर खूण कुठनं आली?"

खूण मला माहीत होती. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर वरच्या काठाला तांबड्या रंगाची एक रेघ आणि नंबर. टेप तिथूनच सोडायचा.

"मामा," मी म्हटलं.

ज्ञानूमामा गुडघे धरून बसले. "साहेबांनीच सांगितलं हुतं मला. ज्ञानू, कायबी झालं तरी टेप वरच्या काठावरनंच लावायचा. आन् खूण पुसू द्यायची न्हाई. मी पुसू दिली न्हाई. गवंड्यानं थर चढवले तशी मी वर नवी काढली. आधीच्यापरीस चांगली काढली. एक सोमवार चुकवला न्हाई मी, ताई. सासरा वारला त्या सोमवारी बी पहाटे मापून मग मातीला गेलो."

बारा मोजणीदारांत सगळ्यात नेकीचा माणूस हाच, असं आप्पा नेहमी म्हणत. कादंबरीत त्याच्यावर एक अख्खं प्रकरण आहे.

"मेंढी कुठल्या दिवशी पडली, ते आठवतं का?" मी सगुणाबाईंना विचारलं. आवाज माझाच होता, पण मास्तरणीसारखा आला.

"नागपंचमीच्या आदल्या दिशी. मला कसं याद न्हाई? गवंडी दुसऱ्याच दिशी सकाळी दारात. हे म्हणले, कर सुरू. मी म्हणलं, आज नागपंचमी हाय, माती उकरायची न्हाई, कालवायची न्हाई, घरात इळी सुदीक चालत न्हाई आन् तुम्ही फावडं घेताय? गवंडी म्हणला, म्हातारे, मला उद्या दुसरीकडं जायचंय. मी म्हणलं, जा मग. न्हाई गेला. दुसऱ्या दिशी आला, झेंड्याच्या. आन् संप्या सिमेंटात बसला."

"म्हणजे नागपंचमी झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी होती?"

"व्हय. लागूनच. मी दोन दिस पोरांची कापडंच धुत व्हते."

मी विहिरीकडे गेले. ज्ञानूमामा मागे आले. कठडा अगदी कादंबरीतल्यासारखा होता, खाली काळा दगड, वर सिमेंट. तांबडा नऊ अजून पुसट दिसत होता. तो खरोखरच चांगला काढलेला होता. मी टेप लावला. शेहेचाळीस. आप्पांची वीत तेवीस सेंटिमीटरची, ते लहानपणी माझी उंचीही वितींनीच मोजायचे आणि नंतर फूटपट्टी लावून आपणच बरोबर ठरायचे.

"साहेब दिवाळी झाल्यावर आलते," ज्ञानूमामा म्हणाले.

मी वळले. "इथे?"

"असेच. एकटेच. कठडा बघत उभे ऱ्हायले. मी म्हणलं, मेंढी पडली तवा वाढवला. मग त्यांनी वीत लावली. एकदा लावली, परत लावली. मी चहा आणला. बसले हितं, ह्या दगडावर. ऊस कसा हाय, संपत कसा हाय, सगळं इचारलं. त्येवढं मेंढीचं काय इचारलं न्हाई."

"आणि तुम्ही?"

"मी बी न्हाई सांगितलं. त्यांच्या तोंडाकडं बघून मला तवाच कळलं, काय तरी माझ्या हातनं झालंय. चहा तसाच गार झाला." "तुम्ही आलात तवा म्हणलं, आता तरी कशाला. गेला माणूस."

"तुमच्या हातून काही झालं नाही मामा. वर्षातून एकदा येऊन कठड्याची उंची तपासायची असते. ते काम साहेबांचं होतं."

हे मी म्हणाले खरं, आणि म्हटल्याबरोबर मला आप्पांचा राग आला, मग तो राग टिकेना. बसमध्ये बसता आलं नाही असं नव्हतं. बसमध्ये बसून ते इथवर आले होते. शेवटचं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. घरी जाऊन त्यांनी ते विश्वजीतला विचारायला लावलं.

"त्यांचं ते पितळंचं बक्षीस," ज्ञानूमामांनी हळूच विचारलं, "परत न्हेत्यात का आता?"

"गेलेल्या माणसाकडनं काय न्हेत्यात," सगुणाबाई मागून म्हणाल्या. "आन् ती मेंढी जिती निघाली, ते सांगा की ताईस्नी. वाईटच तेवढं सांगायचं." मग माझ्याकडे वळल्या. "दोन पिल्लं दिली तिनं. त्या कडंच्या मेंढीची ती पणजी. जेवून जा. भाकरी टाकते."

जेवले. नाही म्हणण्याची सोय नव्हती.

सोमवारी सकाळी लायब्ररी उघडायच्या आधी मी गेले. जुनी पंचांगं तळघरात असतात, ती कुणी मागत नाही, पण मी टाकू देत नाही. नव्वद साली नागपंचमी जुलैतच होऊन गेली होती. एक्क्याण्णव साली बुधवार, चौदा ऑगस्ट. मेंढी मंगळवारी पडली, गवंडी गुरुवारी लागला. आप्पांच्या वहीत सोमवार बारा ऑगस्ट, ६.३०. सोमवार एकोणीस ऑगस्ट, ६.७१. शेहेचाळीसातून एक्केचाळीस गेले, राहिले पाच. त्या आठवड्यात नऊ नंबरच्या विहिरीचं पाणी पाच सेंटिमीटरने वर आलं होतं. बाकीच्या अकरांसारखंच.

अकरा वाजता मारुतरावांचा फोन आला.

"काय ठरलं ताई? बाविसाव्याला थांबतोय ना?"

"नाही. शेवटची ओळ घ्या लिहून. म्हातारा म्हणाला, स्वल्पविराम, 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी. गवंडी झेंडावंदनाला लागला.'"

मारुतरावांनी लिहून घेतलं. पेन थांबल्याचं कळलं.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"अहो, पण विश्वजीत काय म्हणतो? रडतो, हसतो, काही?"

"ते त्यांनी लिहिलेलं नाही. मी बनवणार नाही."

"वाचकाला कळायचं नाही."

"पान एकशे बारावरचा तक्ता वाचला असेल तर कळेल. त्यात सोमवारच्या तारखा आहेत, आणि नागपंचमी कुठल्या दिवशी झाली ते सोळाव्या प्रकरणात आहेच, वारुळाच्या प्रसंगात."

"तक्ता कोण वाचतो हो?" ते जवळजवळ ओरडले. "आणि जयसिंगरावांचं नाव? लोक म्हणतील, आयुष्यभराचा शोध म्हणजे दीड फूट कठडा."

"म्हणू देत. तक्ता राहू द्या, मारुतराव."

"तुम्ही अगदी त्यांच्यासारख्या आहात," ते म्हणाले. ती स्तुती नव्हती. "राहू देतो. पण मुखपृष्ठावर यान टाकणार बरं का, सांगून ठेवतो." मग स्वतःच हसले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी घरी नोंदवह्या काढल्या. आप्पांनी नोव्हेंबरनंतर त्या उघडल्या होत्या की नाही कोण जाणे. एक्क्याण्णवच्या वहीत, ऑगस्टच्या पानात, त्यांचा चष्मा पुसायचा फडका मिळाला. एकोणीस ऑगस्टच्या आकड्यावर काही केलेलं नव्हतं.

मी एक आडवी रेघ मारली. खालचा ६.७१ वाचता येत होता. वर लिहिलं, ६.२५. बाजूला सही केली, माझी, आणि आजची तारीख. मग सव्वीस ऑगस्ट. मग दोन सप्टेंबर. मोजणी चौऱ्याण्णवच्या डिसेंबरपर्यंत चालली होती, ज्ञानूमामांनी एकही सोमवार चुकवला नव्हता, त्यामुळे एकशे शहात्तर आकडे होते. विसाव्या सहीपर्यंत मी आप्पांशी मनात भांडत होते. बहात्तराव्याला पेनातली शाई संपली. त्यांच्या टेबलाच्या खणात दुसरं पेन होतं, ते घेतलं, आणि त्र्याण्णवची वही उघडली.